माळावरची हरकत

खडकमळा, लोणी काळभोरजवळ
४ जून २००२

ती. सौ. आक्कास रंगरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं आम्ही बरे आहोत. जयाची कंबर अधूनमधून धरते, पण ती कामाला धरलेली असते त्या मानानं कमीच. तुझी, भाऊजींची आणि श्रद्धाची खुशाली कळव. श्रद्धाला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागल्याचं ऐकून सगळ्या वस्तीला मी पेढे वाटले. पगार किती ते लोक विचारतात. मी म्हणतो, भाऊजींना डेअरीत पंचवीस वर्षांनी मिळतो त्यापेक्षा जास्त. खरं की खोटं ते तू सांग.

पत्र लिहायला कारण असं की, आपल्या माळाच्या दोन एकरांत सीताफळ लावायचं ठरवलं आहे. त्या माळानं बाबांच्या हयातीत कुसळांशिवाय काही दिलं नाही. आता सरकारच्या फळबाग योजनेत आपला नंबर लागतो आहे. खड्डे, रोपं, खत, सगळ्याला अनुदान मिळतं, पण एकदम नाही. तीन वर्षांत तीन हप्ते. दर वर्षी साहेब येऊन जिवंत झाडं मोजतात, ती पुरेशी असली तरच पुढचा हप्ता सोडतात. म्हणजे नुसतं लावून भागत नाही, जगवावं लागतं.

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझं नि माझं अशी दोघांची नावं लागली. त्यामुळं अर्जाबरोबर तुझं संमतीपत्र लागतं. सोबत स्टॅम्प पेपर पाठवतो आहे. खाली पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही कर. वरचा मजकूर कचेरीसमोरचा लेखनिक भरील. वीस तारीख शेवटची आहे, तेव्हा उलट टपाली पाठव.

तुझा,
रंगराव


कात्रज
१० जून २००२

चि. रंगरावास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कागद मिळाला. सीताफळाचा विचार चांगला आहे. पगाराचं तू जे सांगतोस ते खरं आहे, पण ह्यांच्यासमोर सांगू नकोस.

सही करायला मी पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात श्रद्धा कंपनीतून आली. कागद उलटासुलटा करून म्हणाली, आई, यात लिहिलंय काय? मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाली, "तेच विचारतेय." त्यांच्या कंपनीत खुर्ची बदलून घ्यायची तरी माणूस दोन पानं वाचून सही करतो म्हणे. मी तिला सांगितलं, माझा भाऊ आहे. ती म्हणाली, मामाच आहे, मग मजकूर लिहायला मामाला काय अडचण आहे?

तिचं म्हणणं मला पटलं. म्हणून कागद कोराच परत पाठवते. आधी मजकूर लिहून धाड, मी वाचून सही करते. वीस तारखेच्या आत पोचेल अशी व्यवस्था करीन.

आणखी एक. परवा तू दुकानातल्या फोनवरून बोललास तेव्हा मागं चारजण हसत होते. आपली जमीन कुठली, सही कुणाची, हे सगळं त्यांनी ऐकलं असणार. यापुढं जे काही असेल ते पत्रानंच कळव. श्रद्धा म्हणते, कागदावर असलेलं बरं. माझ्या पत्रांच्या झेरॉक्स ती काढून ठेवणार आहे. राग मानू नकोस.

तुझी आक्का


खडकमळा
१४ जून २००२

ती. सौ. आक्कास नमस्कार.

तुझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्या पत्राची झेरॉक्स निघाल्याचं पहिल्यांदाच ऐकतो आहे. पत्राला किंमत आली म्हणायची.

तू विचारलंस म्हणून सांगतो. इकडं सगळे कोऱ्यावरच सही करतात. कारण मजकूर नेहमीचाच असतो आणि तो लेखनिकालाच पाठ असतो. आमच्यातल्या कुणी आधी लिहा म्हटलं तर तो चष्मा वर करून म्हणतो, "का, ईश्वास न्हाय का आमच्यावर?" मग माणूस शरमून सही करतो. मीही अशाच केल्या आहेत. पण पुण्याचं पाणी वेगळं.

मजकूर लिहून घेतला आहे, तो असा: 'माळाच्या दोन एकर क्षेत्रात फळबाग लावण्यास व त्याचे अनुदान रंगराव यांनी घेण्यास माझी हरकत नाही. यापुढेही सदर जमिनीबाबत माझी कोणतीही हरकत राहणार नाही.' वाच, श्रद्धाला वाचायला दे, कंपनीतल्या साहेबाला वाचायला दे, आणि सही करून पाठव. सहा दिवस राहिले आहेत.

दुधाच्या गाडीवाल्याबरोबर हा लिफाफा आणि तुझ्यासाठी एक साडी पाठवतो आहे. भाऊजींकडं डेअरीत पोचवील.

रंगराव


कात्रज
१७ जून २००२

चि. रंगरावास आशीर्वाद.

सही केली आहे. दुधाच्याच गाडीनं परत पाठवते, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल.

मजकुरातलं दुसरं वाक्य मी खोडलं आहे. पहिल्या वाक्यात फळबागेचं काम पूर्ण होतं. मग 'यापुढेही सदर जमिनीबाबत' हे कशासाठी? त्याच्या जागी माझ्या हातानं लिहिलं आहे: 'ही संमती फळबागेपुरतीच आहे. जमिनीवरील माझा हक्क कायम आहे.' खोडल्याच्या बाजूलाही सही केली आहे. तशी करावी लागते असं श्रद्धा म्हणाली.

साडी मिळाली. जांभळी, जरीकाठी. राखीपौर्णिमेला दोन महिने आहेत, दिवाळीला पाच. अशी साडी तू श्रद्धाच्या बारशालाही आणली नव्हतीस. छान आहे. पण कशाबद्दल आहे ते कळलं नाही. कपाटात ठेवली आहे.

आक्का


खडकमळा
२६ ऑगस्ट २००२

ती. सौ. आक्कास नमस्कार.

राखी पोस्टानं पोचली. जयानं बांधली. बायकोकडून राखी बांधून घेणारा मी खडकमळ्यातला पहिलाच.

अर्ज मंजूर झाला. तीनशे खड्डे घेतले, तीनशे रोपं लावली, पहिला हप्ता मिळाला. मंजुरीच्या दिवशी साहेबांनी तुझं संमतीपत्र सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं. तुझ्या हातची ओळ आली तेव्हा थांबले आणि विचारलं, बहीण वकील आहे का? मी म्हटलं, सातवी पास आहे. कचेरी हसली. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

आता मला एक विचारायचं आहे आणि त्याचं उत्तर तू झेरॉक्स काढून ठेवलीस तरी चालेल. आपल्या चुलत आत्याचा दत्तोबा, जो आधी गुळाच्या अडतीवर बसायचा आणि आता लोकांच्या जमिनी शहरातल्या लोकांना दाखवत फिरतो, तो गेल्या आठवड्यात माळावर आला होता. पांढरे बूट, खिशात मोबाईल, बरोबर दोन माणसं आणि मोजायची टेप. मी विचारलं, काय मोजतोस? तर म्हणाला, "मोजत न्हाय, बघतोय. आक्काचं नि माझं बोलणं झालंय."

काय बोलणं झालं आहे?

रंगराव


कात्रज
५ सप्टेंबर २००२

चि. रंगरावास आशीर्वाद.

दत्तोबा तीनदा आला होता. घरी आलेल्या माणसाला मी चहा दिला. त्यानं विचारलं, माळ विकायचा आहे का? मी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. हायवेपासून तुमचा माळ किती जवळ आहे, कॉलेजवाले कसे जागा शोधताहेत, हे तो सांगत होता. मी ऐकत होते. ऐकण्याला सही लागत नाही.

तुला खरं सांगते. श्रद्धाला कोथरूडमध्ये फ्लॅट बघायचा आहे. तिला कंपनीच्या बसला तिकडून सोयीचं पडतं. ह्यांची नोकरी चार वर्षं राहिली. तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज पुरं पडत नाही. तेव्हा माझ्या नावावर किती आहे, कुठं आहे, हा विचार माझ्या मनात आला. यात चोरी कसली?

आता मी विचारते. बाबांच्या तेराव्याला, पंगती उठल्यावर, तू माझ्यासमोर दोन कागद धरले होतेस. माझे डोळे रडून सुजले होते. मी वाचलं नाही. तू म्हणालास इथं, मी इथं सही केली. ते कागद कसले होते? तीन वर्षांत हे मी कधी विचारलं नाही. कचेरीत मोठ्यानं वाचली गेली ती ओळ मी का लिहिली, हे तुला समजावं म्हणून विचारते.

आक्का


कात्रज
१२ नोव्हेंबर २००२

श्री. रंगराव यास,

माझ्या पत्राला दोन महिने उत्तर नाही. भाऊबीजेला पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. दुपारी एकपर्यंत वाट पाहून ह्यांना म्हटलं, जेवून घ्या. तू आला नाहीस, निरोपही पाठवला नाहीस.

साधा प्रश्न होता, दोन कागद कसले होते? ज्याला सांगण्यासारखं असतं तो सांगतो. गप्प राहणं हेही उत्तरच आहे असं मी समजते. माझं काय आहे ते यापुढं माझं मी बघून घेईन.

इंदुबाई


खडकमळा
२२ नोव्हेंबर २००२

आक्कास नमस्कार.

ते दोन कागद वारसनोंदीचे होते. एकावर वारसांची नावं आणि दुसरा तलाठी भाऊसाहेबांना द्यायचा अर्ज. त्यावर तू सही केलीस म्हणूनच सातबाऱ्यावर तुझं नाव आहे. वस्तीतल्या किती बहिणींची नावं उताऱ्यावर आहेत ते दत्तोबाला विचार. तो सगळ्यांचे उतारे बघतो.

उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा जे लिहिलं ते फाडलं. नंतर वेळ राहिला नाही. या वर्षी पावसानं फसवलं ते तुला पेपरात कळलं असेल. माळाला विहीर नाही. कालव्यापासून बैलगाडीवर दोन पिंप भरून नेतो. एका झाडाला पाच-सहा तांबे, बुंध्याशी फुटक्या मडक्याचं तोंड पुरून त्यात ओततो, म्हणजे उन्हानं उडत नाही. तीनशे झाडं, एका खेपेत साठ होतात. पाच खेपा झाल्या की दिवस संपतो, आणि तिसऱ्या दिवशी परत पहिल्या झाडापासून. जया म्हणते, एवढं तर मुलांनाही कुणी भरवत नाही. आजवर बावीस गेली.

भाऊबीजेला येणार होतो. अंघोळ करून कपडे घातले होते. मग वाटलं, रिकाम्या हातानं गेलो तर रिकामा आला म्हणून, आणि साडी नेली तर ती कशाबद्दल म्हणून. दोन्ही नको वाटलं. कपडे काढले आणि पिंपं भरली.

पुढच्या मे महिन्यात साहेब झाडं मोजायला येतील. तोवर मी कुठंही येऊ शकत नाही.

रंगराव


खडकमळा
९ एप्रिल २००३

सौ. इंदुबाई यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही माझ्या नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. ते का दिलं नाही, हे मला काल समजलं.

झाडांच्या पाहणीची तारीख विचारायला मी कचेरीत गेलो होतो. तिथल्या बाईंनी फाईल काढली आणि म्हणाल्या, तुमचा हप्ता थांबलाय, सहहिस्सेदाराची हरकत आहे. मी म्हटलं, चूक झाली असेल, संमतीपत्र फाईलला आहे, साहेबांनी सगळ्यांदेखत वाचलं आहे. बाईंनी कागद माझ्यापुढं ठेवला. मजकूर असा होता: माझ्या भावाने माझ्या संमतीचा गैरवापर केला आहे. प्रत्यक्षात शंभरही झाडे लावलेली नाहीत. खोटी संख्या दाखवून तो शासनाचे अनुदान घेत आहे. चौकशी होईपर्यंत रक्कम देऊ नये.

खाली सही तुमची. मी बाईंना सांगितलं, ही सही खोटी असेल. पण तसं नाही हे मला पाहताक्षणी कळलं होतं. ज्या हातानं माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं त्या हाताची सही मला ओळखता येते.

शंभरही झाडं नाहीत म्हणता. एकदा येऊन मोजली असतीत तर बरं झालं असतं. दहा महिन्यांत तुम्ही एकदाही माळावर पाय ठेवला नाही. तो हप्ता मिळेल या भरवशावरच मला पाणी उधार मिळतं. कालवा फेब्रुवारीतच आटला. आता टँकर विकत घेतो आहे, तोही उधारीवर. मे महिन्यापर्यंत पाणी पोचलं नाही तर झाडं मोजणीत कमी भरतील आणि मग हरकत असली काय, नसली काय.

साहेबांनी १२ मे ही तारीख दिली आहे. त्या दिवशी ते माळावर येऊन झाडंही मोजतील आणि तुमचा जबाबही तिथंच घेतील. तुम्ही हरकत कायम ठेवलीत किंवा आला नाहीत, तर फाईल बंद होणार.

परतताना मी आणखी एक काम केलं. तलाठ्याकडं वाटणीचा अर्ज दिला. कालव्याकडच्या तीन एकरांतले दीड आणि माळाच्या दोनांतला एक, तुमच्या नावानं वेगळा करून टाकावा. म्हणजे यापुढं मला तुमची संमती नको आणि तुम्हाला माझ्यावर हरकत घ्यायला नको. तुम्हाला हेच हवं होतं ना?

रंगराव


कात्रज
१४ एप्रिल २००३

चि. रंगरावास,

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही, पण सवयीनं चि. लिहिलं गेलं ते राहू दे.

सही माझी आहे. मजकूर माझा नाही. तो मी तुझ्या पत्रातच पहिल्यांदा वाचला.

डिसेंबरात दत्तोबा आला होता. तुझं नोव्हेंबरचं पत्र तेव्हा टेबलावर होतं. वारसनोंदीचं तू लिहिलंस ते खरं की खोटं, याचा मी पंधरा दिवस विचार करत होते. तो म्हणाला, आक्का, उगाच झुरता कशाला, तालुक्यात आता उतारे कॉम्प्युटरवर निघतात. तुमच्या वतीनं मी उतारा आणि नकाशा काढून आणतो, फक्त अधिकारपत्र लागेल. त्यानं पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. मी म्हटलं, यावर काही लिहिलेलं नाही. तो म्हणाला, मजकूर नेहमीचाच असतो. आणि मी सही केली.

श्रद्धा तेव्हा बंगळूरला ट्रेनिंगला होती, ती इथं असती तर असं झालं नसतं, असं मी ह्यांना सांगितलं. तुला ते सांगत नाही, कारण ते खोटं आहे. ती स्वयंपाकघरात उभी असती तरी मी बाहेरच्या खोलीत सही केली असती.

हे कसं झालं याचा मी चार दिवस विचार करते आहे. सख्ख्या भावाचा कोरा कागद मी परत पाठवला आणि ज्याला मी आयुष्यात दहा वेळा पाहिलं नाही त्याच्या कोऱ्या कागदावर सही केली. दत्तोबानं फसवलं असतं तर काय गेलं असतं? जमिनीचा तुकडा. तू फसवलंस असं निघालं असतं तर मला जायला गाव उरलं नसतं. म्हणून तुझा कागद हातात घेतला की सगळं गाव हातात घेतल्यासारखं व्हायचं. त्याचा घेताना नुसता कागद होता. आणि दुसरं हेही खरं की, तो मला म्हणाला होता, "आक्का, हा तुमचा हक्क आहे." आपल्या घरात हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. बाबांनी नाही, तू नाही, ह्यांनीही नाही.

तुझं पत्र आल्यावर ह्यांना घेऊन दत्तोबाच्या ऑफिसात गेले. हरकत कशाला घातलीस म्हणून विचारलं. तो जराही लाजला नाही. म्हणाला, हप्ता थांबला की झाडं जातील, झाडं गेली की रंगराव माळ काढायला तयार होईल, दोघांचंही भलंच आहे. "व्यवहारात असं चालतंच, आक्का." आणि चहा मागवला. मी प्याले नाही.

१२ मेला मी येते आणि साहेबांसमोर हरकत मागं घेते. मजकूर मी लिहिलेला नाही आणि कोऱ्यावर सही केली, हे मी त्यांना माझ्या तोंडानं सांगेन. हसले तर हसू देत. टँकरसाठी सोबत ड्राफ्ट आहे. पैसे श्रद्धाच्या फ्लॅटसाठीचे नाहीत, माझ्या पाटल्यांचे आहेत. परत पाठवलास तर मी समजेन की तू टँकर बंद केलास.

वाटणीचं तू केलंस ते रागानं केलंस. रागात मला माझा वाटा मिळतो आहे आणि त्याचा मला आनंद होत नाही, हे तुला सांगून काय उपयोग? जबाब झाला की घरात येऊ की बांधावरूनच परत जाऊ, तेवढं कळव. जयाला काय वाटेल ते मला माहीत आहे.

आक्का


खडकमळा
२८ एप्रिल २००३

ती. सौ. आक्कास रंगरावचा नमस्कार.

ड्राफ्ट वटवला. टँकर एक दिवसाआड येतो आहे. काल सगळी झाडं मोजली, जयानं एका टोकाकडून आणि मी दुसऱ्या. ती दोनशे त्रेचाळीस म्हणते, मी दोनशे पंचेचाळीस. दोन झाडं अशी आहेत की ती मेली असं मी म्हणत नाही. साहेबांना लागतात त्याहून थोडी जास्त आहेत. उन्हाचे पंधरा दिवस निघाले तर पुरेल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू खोटं सांगितलं नाहीस, म्हणून मलाही एक सांगणं भाग आहे. हे जयालाही माहीत नाही.

मागच्या जूनमध्ये लेखनिकाकडं गेलो तेव्हा त्यानं मला दोन मजकूर दाखवले होते. एक संमतीचा. दुसरा हक्कसोडीचा, म्हणजे बहिणीनं वाटा भावाला सोडला असा. त्याची पक्की नोंदणी नंतर करता येते, आधी कच्चा कागद हातात असू द्यावा, असं म्हणाला. कोरी सही येतेच आहे तर एकदाच काय ते करून घ्या, पुढं बहिणीचा जावई आला की अवघड जातं, हेही म्हणाला. मी त्याला हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. "सही तर येऊ द्या, मग बघू," एवढंच म्हणालो आणि घरी येऊन तुला कागद धाडला. साडी त्यानंतरच्या आठवड्यात घेतली. कशाबद्दल घेतली, असं तू विचारलंस तेव्हा मला वाईट राग आला, तो त्यामुळं.

कागद कोरा परत आला. तो सही होऊन आला असता तर मी काय लिहून घेतलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. संमतीच लिहिली असती असं मनाला पुष्कळदा सांगितलं. मन ते मानत नाही. श्रद्धानं विचारलं म्हणून मी वाचलो, असं म्हटलं तर ती हसेल. तिला सांग किंवा सांगू नकोस.

वाटणीचा अर्ज मी मागं घेतलेला नाही. भाऊसाहेब परवा येऊन म्हणाले, बहिणीशी मिटलंय तर अर्ज काढून टाका, कशाला उगाच हिस्से पाडता? मी म्हटलं, राहू द्या. रागात दिला होता हे खरं, पण लिहिलेलं बरोबर आहे. माझ्या घरातही हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून म्हणतो: तो तुझा हक्क आहे. माळाची हद्द बाविसाव्या ओळीवरून जाते. पूर्वेकडची झाडं तुझी. विकायची की ठेवायची ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही. पण तिसरा हप्ता होईपर्यंत पाणी दोन्हीकडं मीच घालणार, कारण तांब्या घेऊन निघालं की हद्दीवर थांबता येत नाही.

तुझ्या नावाच्या हरकतीबद्दल मी वस्तीत बोललो नाही. वस्तीच मला येऊन सांगून गेली. तेव्हा जयाला माहीत आहे आणि ती बोलेल. मध्ये बोलू नकोस, तिचं बोलून होऊ दे.

घरात यायचं की बांधावरून परत जायचं, ते विचारलंस. साहेब अकराची वेळ देतात आणि तीनच्या आधी उगवत नाहीत. मे महिन्यात माळावर सावलीला एकही झाड नाही, आपली सगळी अजून गुडघ्याएवढी आहेत. सकाळी साडेआठच्या बसनं निघ. मी फाट्यावर गाडी घेऊन थांबतो, पिंपं उतरवून ठेवलेली असतील.

तुझा,
रंगराव